पाव्हण्याचा वाटा

या धाग्यावर नेहमी येणाऱ्यांना माझं नाव ओळखीचं असेल, आणि ते काही चांगल्या कारणाने नाही. कुणी लिहिलं की बंद खोलीत पावलं वाजली, तर खाली ‘पाइपमध्ये हवा असेल, प्लंबर बोलवा’ असं लिहिणारा तो मीच. कुणाला स्वप्नात आत्या दिसली तर ‘रात्री कमी जेवा’ असंही मीच लिहिलंय. माझ्या अशा शेऱ्यांमुळे दोघांनी इथे लिहिणं सोडलं, असं ॲडमिनने मला एकदा कळवलं होतं. त्या दोघांची आधी माफी मागतो, कारण आज मला लिहायचंय... आणि मला हसू नका असं म्हणण्याचा मला काडीचाही अधिकार नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी पाहिलं ते भूत नव्हतंच. तो चार पायांचा, श्वास घेणारा प्राणी होता. अडचण एवढीच, की तो प्राणी त्या देशात नाही.

गोष्ट २००५ च्या नोव्हेंबरची. मी तेव्हा वर्क परमिटवर इंग्लंडात, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आमच्याकडे एक विचित्र काम आलं. स्कॉटलंडच्या डोंगरांत एका माणसाची हजारो एकरांची इस्टेट होती. सगळ्या इस्टेटीला उंच कुंपण घालायचं आणि आत लांडगे आणून सोडायचे, असं त्याच्या मनात होतं. ब्रिटनमधला शेवटचा लांडगा मारला गेला त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली. त्यामुळे हरणं बेसुमार वाढलीत, कोवळी झाडं जगत नाहीत, लांडगा आला की सगळं ताळ्यावर येईल, असं त्या मालकाचं म्हणणं. पण परवानगी मागायच्या आधी आसपासच्या लोकांचं, विशेषतः शिकाऱ्यांचं, मत लेखी हवं होतं. तो फॉर्म आणि त्यामागचा डेटाबेस आम्ही करणार होतो.

फॉर्ममधला सातवा प्रश्न असा होता — लांडग्याशी तुमचा कधी सामना झाला आहे का? झाला असल्यास कोणत्या देशात? काही शिकारी कॅनडाला, रुमानियाला जाऊन आलेले असतात, त्यांच्यासाठी तो प्रश्न. देशांच्या यादीतून युनायटेड किंग्डम मी स्वतः काढून टाकलं. जिथे लांडगाच नाही तिथे सामना कसला? कुणी ते निवडलंच तर ती एक तर चूक असणार, नाही तर चावटपणा. रिव्ह्यूमध्ये या हुशारीबद्दल माझं कौतुकही झालं.

आणि गंमत म्हणजे, त्या फॉर्मवर काम करणाऱ्या सहा जणांत खरा मोकळा लांडगा पाहिलेला मी एकटाच होतो. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. माझे आजोबा — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — माण तालुक्यातले मेंढपाळ. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर माळावर असायचो आणि तिथे लांडगा दिसणं म्हणजे काही बातमी नव्हती. आबा त्याचं नाव मात्र घ्यायचे नाहीत. ‘पाव्हणा’ म्हणायचे. घरी बकरं पडलं की पहिला तुकडा माळाच्या बाजूच्या एका दगडावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘आधी पाव्हण्याचं, मग आपलं.’ मी कॉलेजात गेल्यावर या प्रकाराची भरपूर टिंगल केली होती. आबा नुसते हसायचे.

असो. शिकारी वेबवर फॉर्म भरेनात, म्हणून लॅपटॉप देऊन मला आठवड्यासाठी तिकडे पाठवण्यात आलं. तोपर्यंत माझ्यासाठी उत्तर दिशा म्हणजे मिल्टन कीन्स, ब्रॅकनेलहून दीडेक तासावरचं शहर. त्याच्या पुढे मी कधी गेलोच नव्हतो.

गावच्या हॉलमध्ये चौदा शिकारी आले. त्यांना तिथे स्टॉकर म्हणतात. हौशी पाहुण्यांना डोंगरावर नेऊन हरणाची शिकार करवणं आणि हिवाळ्यात इस्टेटीसाठी जास्तीच्या हरिणी स्वतः मारून कळप आवाक्यात ठेवणं, हा त्यांचा पिढीजात धंदा. तेरा जण बोलले आणि लिहायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एका माणसाकडे पाहिलं. डोनाल्ड, वय साठच्या पुढे, काठीसारखा ताठ माणूस. तो लिहील तेच बाकीचे लिहिणार हे मला पाच मिनिटांत कळलं.

डोनाल्डनी एकच मुद्दा मांडला. मी मारलेली हरीण एकटा ओढत खाली आणतो, हात रक्ताने भरलेले असतात. लांडगा समोर आला तर मी गोळी घालायची की नाही? इस्टेटीच्या नियमांच्या मसुद्यात लिहिलंय, ‘हल्ला झाल्यास’. हल्ला झाला हे ठरवणार कोण? मी, की नंतर गरम खोलीत बसलेला कुणी साहेब? उद्या माझं बंदुकीचं लायसन्स गेलं तर मी काय करायचं? मी ते ‘चिंता क्रमांक नऊ’ म्हणून टाइप केलं. डोनाल्डनी फॉर्मवर ठणकावून नकार नोंदवला, पाठोपाठ बाकीच्या तेरा जणांनीही. मग ते मला म्हणाले, हे असं खोलीत बसून टाइप करण्यासारखं नाही, उद्या माझ्याबरोबर डोंगरावर ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच निघालो. इस्टेटीच्या जुन्या कुंपणाच्या फाटकाशी गाडी लावली आणि चालायला लागलो. डोनाल्ड पुढे, मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागे. वारा तोंडावर हवा, पाठीवर नको. बोलायचं नाही. तीन तास चाललो, शेवटचा अर्धा तास तर ओल्या गवतातून सरपटत गेलो. माझी जीन्स पार पिळून काढण्यासारखी झाली होती आणि मी मनातल्या मनात मॅनेजरच्या नावाने बोटं मोडत होतो. मग एक गोळी, आणि एका वाकड्या कातळाशी एक म्हातारी हरीण जागच्या जागी पडली. आपल्या सांबराएवढी असते ती. डोनाल्डनी टोपी काढली, क्षणभर उभे राहिले, आणि मग सुरीने तिचं पोट साफ करायला बसले.

आता मी जे केलं ते का केलं, मला सांगता येणार नाही. तो ओला वास, ते उघडं माळरान, कुणी न बोलणं... माझ्या हाताला जणू सवयच होती. मी काळजाचा एक तुकडा मागून घेतला, जवळच्या सपाट दगडावर नीट ठेवला आणि तोंडातून आपसूक निघालं, आधी पाव्हण्याचं. डोनाल्डनी विचारलं हे काय. मग मी सगळं सांगितलं — आबा, माळ, दगड. सांगता सांगता दहा मिनिटं गेली. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मग त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

“तुझा पाव्हणा अडीचशे वर्षं उशिरा येईल,” ते म्हणाले.

त्या दहा मिनिटांत धुकं खाली उतरलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचे कित्येक महिने ती दहा मिनिटं मला खात होती. आम्ही हरिणीला दोरी बांधून ओढायला लागलो आणि वीस पावलंही गेलो नसू, तोच डोनाल्डचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. माणूस ओरडला नाही, पण चेहरा पांढराफटक पडला.

मोबाइलला सिग्नल नव्हता. डोनाल्डकडचा छोटा रेडिओ त्या खोलगट जागेत नुसता खरखरत होता. गाडीतला मोठा रेडिओ मात्र खाली इस्टेटीच्या घराला लागतो, असं त्यांनी सांगितलं. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केल्याला आठवडा झाला होता, साडेचारला अंधार पडणार होता. ओल्या कपड्यांत, मोडक्या पायाने या वयाचा माणूस त्या थंडीत रात्र काढू शकणार नाही, हे दोघांनाही न बोलता कळत होतं. त्यांनी मला गाडीची किल्ली दिली. ओढा उजव्या हाताला ठेव आणि उतरत जा, साडेतीनच्या आत फाटक गाठ. मी दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवीन, म्हणजे लोक आले की त्यांना ऐकू येईल. थंडीत माणसाने आत शिरून बसायची एक नारिंगी पिशवी त्यांच्या सामानात होती, तिच्यात मी त्यांना बसवलं, माझं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं आणि बंदूक हाताशी ठेवली. दोन वाजून पाच मिनिटांनी मी निघालो.

आणि वीस मिनिटांत मी रस्ता चुकलो. ओढ्याला दुसरा ओढा मिळाला होता, धुक्यात मी भलत्याच पाण्याच्या मागे लागलो. पाण्याचा आवाज सगळीकडून यायला लागला. मग जमीनच मऊ झाली. एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, तो काढेपर्यंत दुसरा गेला. कसाबसा पोटावर लोळत बाहेर आलो. कुठे वर, कुठे खाली, काही कळेना. मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. माझ्यामुळे तो माणूस तिथे मरणार, हेच डोक्यात होतं.

मान वर केली तेव्हा तो समोर उभा होता.

फार तर बारा-पंधरा पावलांवर. पहिली प्रतिक्रिया, कुत्रा. कुणाचा तरी कुत्रा आहे, म्हणजे मागे माणूस असणार, म्हणून मी हाक मारली. तो वळला आणि चालायला लागला... आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ती चाल मला माहीत होती. डोकं खांद्यांच्या खाली, पाय लांब, पुढच्या पायाच्या ठशातच मागचा पाय पडतोय, अंग जराही हलत नाही. कुत्रा असा चालत नाही हो. माणच्या लांडग्यापेक्षा हा बराच मोठा होता, रंगाने राखाडी, मानेवर दाट केस. डावा कान टोकापासून मधोमध फाटलेला. थोडं पुढे जाऊन तो थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं.

आबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. पाव्हणा एकट्या माणसाच्या वाटेला जात नाही, वेशीपर्यंत सोडायला येतो आणि मग परततो. ही म्हाताऱ्यांची बात, असं मी म्हणायचो. त्या क्षणी माझ्यातला इंजिनियर म्हणाला, या प्राण्याला चाळीस-पन्नास किलो वजन आहे, तो चालतोय तिथे जमीन घट्ट आहे. बस, एवढाच हिशोब. श्रद्धा वगैरे नव्हती. मी त्याच्या मागे निघालो. निघताना सवयीने घड्याळ पाहिलं — तीनला दहा कमी.

तो घाई करत नव्हता. मी अडखळलो की थांबायचा. एका ठिकाणी मी सरळ जायला लागलो तर तो बाजूला जाऊन बसला आणि नुसता बघत राहिला. मी जवळ गेल्यावर दिसलं की माझ्यासमोर हिरव्यागार शेवाळाखाली पाणी होतं. त्यानंतर मी शहाणपणा केला नाही. मला भीती वाटत होती का? खूप वाटत होती. पण त्या भीतीत एक ओळखीचं काहीतरी होतं, लहानपणी आबांचं बोट धरून चालताना असायचं तसं. साडेतीनला काही मिनिटं कमी असताना धुक्यातून कुंपणाचे खांब दिसले आणि मग फाटक. तो दहा पावलं अलीकडेच थांबला. मी फाटक उघडलं, पलीकडे गेलो, कडी लावली आणि वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

रेडिओ लागला. अर्ध्या तासात तीन स्टॉकर आठ चाकांची चिखलगाडी घेऊन आले. डोनाल्डनी सांगून ठेवलेलं त्या खोलगट जागेचं नाव मी घेताच त्यांना ती कळली, आणि वर पोचल्यावर शिट्टीने उरलेलं काम केलं. पूर्ण अंधार पडायच्या आत त्यांनी डोनाल्डना गाठलं आणि खाली आणलं. थंडीने ओठ निळे पडले होते, पण जिवंत. सगळे माझी पाठ थोपटत होते, या शहरी पोराने धुक्यात वाट काढली म्हणून. मी कुणालाच काही सांगितलं नाही. ना त्यांना, ना रात्री फोनवर बायकोला.

दोन दिवसांनी रुग्णालयात डोनाल्डना भेटायला गेलो. पाय प्लॅस्टरमध्ये, चेहऱ्यावर तकाकी आलेली. सोबतची नर्स बाहेर गेली आणि त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

“तुझा पाव्हणा वेळेवर आला होता,” ते म्हणाले. “डावा कान फाटलेला.”

मग त्यांनी सावकाश सांगितलं. मी निघाल्यावर थोड्या वेळाने तो धुक्यातून आला. सरळ त्या सपाट दगडाकडे गेला, मी ठेवलेला तुकडा खाल्ला. शेजारी अख्खी हरीण पडली होती, तिला त्याने तोंड लावलं नाही. मग डोनाल्डपासून पंधरा पावलांवर बसला. पावणेतीनला त्यांनी शिट्टी वाजवली तेव्हा त्याने फक्त कान मागे केले. तीनला वाजवली, सव्वातीनला वाजवली, तरी तो तिथेच. डोळा लागायला लागला की तो उठून दोन पावलं जवळ यायचा, आणि डोनाल्ड दचकून जागे व्हायचे. चिखलगाडीचा आवाज आला तेव्हा कुठे तो उठून गेला.

“बंदूक तर हाताशी होती ना तुमच्या?” मी विचारलं.

“होती. गोळीही भरली होती.” ते खिडकीबाहेर बघत होते. “हॉलमध्ये मी विचारलं होतं, हल्ला झाला हे ठरवायचं कुणी. ते मीच ठरवलं. हल्ला झाला नव्हता.”

मग मी त्यांना माझी बाजू सांगितली. पावणेतीनला आणि तीनला तो त्यांच्यासमोर बसला होता. तीनला दहा कमी असताना तो माझ्यासमोर होता, दोन मैल खाली. तोच कान. आम्ही दोघांनी घड्याळं जुळवून पाहिली, एका मिनिटाचाही फरक नव्हता. डोनाल्ड म्हणाले, लॅपटॉप आणलायस का?

त्यांनी नवीन फॉर्म भरला. लांडग्यांना पाठिंबा दिला असं नाही, पण आधी ठणकावून सांगितलेला नकारही दिला नाही. अटी घातल्या — मसुदा ठरवताना टेबलावर स्टॉकर बसले पाहिजेत, डोंगरावर असलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला पाहिजे, आणि आधी आम्हाला त्या प्राण्याची ओळख करून द्या. सातव्या प्रश्नावर त्यांनी ‘होय’ म्हटलं. देशाच्या यादीत त्यांचा देश नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच, पलंगाच्या कडेला बसून, डेटाबेसमध्ये हाताने ती नोंद घातली.

पुढच्या आठवड्यात बाकीच्या तेरा जणांनीही आपले फॉर्म परत मागून घेतले आणि अटी घालून दिले. सातव्या प्रश्नाचं गुपित त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी फक्त डोनाल्डचं ऐकलं. मालकाने एक समिती केली, तिच्यात तीन स्टॉकर घेतले. आज तीन वर्षं झाली, लांडगे अजून कागदावरच आहेत. पण निदान दोन्ही बाजू एका टेबलावर बसून चहा पितात. डोनाल्ड आता काठी घेऊन डोंगरावर जातात आणि दर हंगामातल्या पहिल्या हरिणीचा तुकडा त्या सपाट दगडावर ठेवतात. तो तुकडा कावळे नेतात की कोल्हा, ते बघायला थांबत नाही, असं त्यांनी ख्रिसमस कार्डात लिहिलं होतं.

मी माझ्या परीने उत्तर शोधलं. सगळ्यात जवळचं प्राणिसंग्रहालय तासाभरावर होतं, तिथे फोन केला. त्यांचे लांडगे जागच्या जागी होते. आसपास कुणाकडे तसला कुत्रा नव्हता. थंडीने माणसाला भास होतात हे मला मान्य आहे, पण दोन माणसांना, दोन मैलांवर, एकाच फाटक्या कानाचा भास? दोन लांडगे असतील म्हणावं, तर मुळात एक तरी कुठून आला? या धाग्यावर दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मी खाली काय शेरा मारला असता, याचाही विचार केला. मला एकही सुचला नाही.

परत आल्यावर दोन महिन्यांनी आमच्या टेस्टिंगमधल्या नागपूरच्या मीनलने एक बग टाकला. एका नोंदीत देश म्हणून युनायटेड किंग्डम आहे, जे यादीतच नाही. डेटा खराब दिसतोय, डिलीट करू का? मी उत्तर लिहिलं — डेटा बरोबर आहे, यादी चुकीची होती, यादी दुरुस्त केली आहे. आणि तिकीट, म्हणजे तिची ती तक्रार, बंद केलं.

पण तिथे दोन नोंदी असायला हव्या होत्या. लोक हसतील म्हणून माझी मी घातली नाही. ती आज इथे घालतोय.